दुधाच्या रांगेतला ताप

अठरा वर्षं मी दर सोमवारी कोल्हापूरला जात होते, पण खुर्चीवरून न उठता. पुण्यातल्या आमच्या कार्यालयात गावोगावच्या आजारांचे आठवड्याचे आकडे येतात. कुठे डेंगी, कुठे कावीळ, कुठे नुसताच ताप. ते तपासायचे, तक्त्यात भरायचे आणि वर पाठवायचे, हे माझं काम. मी डॉक्टर नाही. पदाचं नाव सांख्यिकी सहायक असं भारदस्त आहे, पण अकोल्याचा माझा भाऊ मला 'तापमोजणी' म्हणतो. कोल्हापूर माझ्यासाठी तक्त्यातली एक आडवी ओळ होती. त्या ओळीत चिखल असतो, म्हशी असतात आणि लोक आपल्याला तोंडावर काहीही बोलतात, हे मला गेल्या जुलैपर्यंत ठाऊक नव्हतं.

जायचं कारण फारसं चांगलं नव्हतं. राधानगरीकडच्या एका गावातून (कुणाच्या आजाराची चर्चा नको म्हणून नाव लिहीत नाही) दर पावसाळ्यात लेप्टोचे संशयित रुग्ण फार यायचे. लेप्टो म्हणजे उंदरांच्या आणि गुराढोरांच्या मुतातून चिखलात उतरणारा आणि पायाच्या भेगेतून माणसात शिरणारा ताप. वेळेत गोळ्या मिळाल्या तर माणूस चार दिवसांत उठतो, नाहीतर मूत्रपिंडं बसतात. शेजारच्या गावांतून मोजके संशयित यायचे आणि त्यातले बरेचसे तपासणीत खरे निघायचे. या गावातून मात्र ढीगभर यायचे, आणि तीन पावसाळ्यांत रक्ताच्या तपासणीत एकही खरा निघाला नव्हता.

"काम दाखवायला आकडे फुगवलेत," साहेब म्हणाले. "तुम्ही स्वतः जाऊन बघा. तसंच असेल तर तिथल्या आशाताईंचं नाव महिनाअखेर कमी करू."

मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू? पाण्याच्या दोन बाटल्या, हात धुवायचं औषध आणि मनात आधीच लिहून तयार असलेला अहवाल घेऊन मी निघाले.

सोमवार, कोल्हापूर

स्टँडवर घ्यायला शकीलभाई आले होते. पुढचे पाच दिवस त्यांचीच जीप आणि त्यांचीच बडबड माझ्या नशिबी होती. माणूस मूळचा कुरुंदवाडचा, पन्नाशीचा, आणि आवाज असा की शेजारी बसून बोलतानाही नदीपलीकडच्याला हाक मारतोय असं वाटावं.

"काय पावणं, झोप झाली का न्हाय? चला, आधी मिसळ खायाची. मग काय तुमचा ताप-बीप बगायचा त्यो बगा."

मिसळीबरोबर इथे पाव देत नाहीत, ब्रेडचे जाड काप देतात. मी वऱ्हाडातली आहे, आम्ही तिखटाला भीत नाही, असं मी शकीलभाईंना बजावून सांगितलं. तिसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आमचं तिखट आधी गुर्मी दाखवतं. इथलं तिखट आधी 'या, बसा' म्हणतं आणि मग दार लावून घेतं. शकीलभाईंनी दह्याची वाटी पुढे सरकवली.

दिवसभर शहरातल्या कार्यालयात कागद बघितले. संध्याकाळी शकीलभाई मला गंगावेशीकडे घेऊन गेले. तिथे रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात आणि तुमच्यासमोर धार काढून फेसाळता पेला तुमच्या हातात देतात. चांगले शिकलेले, मोटारीतून उतरलेले लोक मिशीला फेस लावून उभे होते. माझी पंचाईत झाली. अठरा वर्षं 'दूध उकळूनच प्या' असल्या सूचना मी टाइप केल्या आहेत. पेला हातात घेऊन मी इकडेतिकडे बघत राहिले.

"प्या की! का पुण्याला फोन लावून इचारताय?" म्हैसवाला म्हणाला.

आजूबाजूचे सगळे हसले. मी अर्धा पेला प्यायले. गोड, कोमट आणि दाट होतं. बाकीचा अर्धा शकीलभाईंनी घशाखाली घातला आणि म्हणाले, "तुमच्या आकड्यात माझं नाव घालू नका म्हंजी झालं." परतताना त्यांनी कुरुंदवाडच्या पुराच्या गोष्टी सांगितल्या. दोन नद्या गावाजवळ भेटतात, त्यामुळे पाणी कधी घरात येईल याचा नेम नाही. "पूर उतारला की ताप चढतोय, बाई. आमच्याकडं शाळंतल्या पोरास्नी बी ठाव हाय. घर धुयाच्या आधी आई आमचं पाय बगायची, कुटं चिरलंय का म्हनून." हे मी वहीत लिहून घेतलं. का लिहून घेतलं, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

मंगळवार, धरणाखालचं गाव

आमच्या अकोल्यात पाऊस पाहुण्यासारखा येतो. राधानगरीकडे तो घरजावई आहे. रस्ता, झाडं, उसाचे फड, शाळेची भिंत, सगळ्यातून पाणी ठिबकत होतं. भाताची लावण जोरात सुरू होती. गुडघाभर चिखलात बायका ओळीने वाकलेल्या, डोक्यावरून प्लॅस्टिकच्या खोळी घेतलेल्या, आणि त्या पावसातही एकमेकींची टिंगल चाललेली.

आक्काताई गावाच्या वेशीवर उभ्या होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, अंगाने काटक, पायात काळे गमबूट आणि खांद्याला पिशवी. याच त्या आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य-स्वयंसेविका, ज्यांच्याबद्दलचा अहवाल माझ्या डोक्यात तयार होता. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मी चांगल्यातल्या चपला घातल्या होत्या.

"बाई, ह्या असल्या टाचा घिऊन चिखलात उतारनार हुतासा व्हय?"

माझ्या टाचांना भेगा आहेत, ही गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीनेही कधी बोलून दाखवलेली नाही. आक्काताईंनी मला दगडावर बसवलं, टाचांना खोबरेल चोपडलं, आणि मुलीचे जुने गमबूट माझ्या पायांत चढवले. ते एक माप लहान होते. पुढचे दोन दिवस मी बदकासारखी चालले.

इथल्या बायका 'मी जाते, मी येते' म्हणत नाहीत, पुरुषांसारखं 'मी जातो, मी येतो' म्हणतात. पहिल्यांदा कानाला खटकतं. नंतर लक्षात येतं की त्या कामंही तशीच, कुणाची वाट न बघता करतात.

दुपारी त्यांच्या घरी जेवले. भाकरी, कुर्डूची भाजी, दही आणि खर्डा. खर्ड्याला मी या वेळी आदराने लांबूनच नमस्कार केला. जेवताना मी वही काढली आणि साळसूदपणे विचारलं, "तुमच्या गावात संशयित इतके जास्त कसे सापडतात हो? घरोघर रोज फिरता का?"

"लावणीत घरात कोन गावतंय, बाई? कुलूप नसलं तरी घर रिकामं. आनि घावलं तर काय सांगतंय? 'लावणीनं अंग मोडलंय' म्हनतंय. ताप आलाय असं ह्या गावात कुनीच म्हनत न्हाय."

"मग तुम्हाला कळतं कसं?"

"संध्याकाळी दावतो की."

त्यांनी जे दाखवलं ते गावातल्या दूध संस्थेत. एक खोली, बाहेर पत्र्याचा मांडव, आत दूध मोजायचं आणि फॅट काढायचं यंत्र. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव किटल्या घेऊन तिथे रांगेत येतं. आमच्याकडे गावात माणसं देवळाच्या पारावर भेटतात. इथे डेअरीत भेटतात, कारण देवाला एक दिवस चुकवता येतं, म्हशीला नाही. आक्काताई मांडवातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि मला शेजारी बसवलं.

"नुसतं बगत ऱ्हावा," त्या म्हणाल्या. "हर घरचं दूध घालायचं मानूस ठरल्यालं असतं. त्या निळ्या किटलीसंगं कायम सासू येती. त्या पितळीसंगं त्यो म्हातारा. मानूस बदाललं की म्या उठतो."

"म्हणजे जो आला नाही, तो आजारी?"

"कवा पावन्याकडं गेल्यालं असतंय. कवा भांडान झाल्यालं असतंय. पर लावणीच्या दिसात जास्ती करून आजारी."

इतक्यात रांगेतला एक गडी मोठ्याने म्हणाला, "आक्काताय, आज कुनाला आजारी पाडनार?" सगळी रांग हसली. आक्काताई हसल्या नाहीत. नंतर त्यांनी मला त्यामागचं कारण सांगितलं. त्या ज्यांचं रक्त तपासायला पाठवतात त्यांची चिठ्ठी 'नाही' अशी येते. दरवेळी. गावाने त्यांचं नाव 'ताप वाटनारी' ठेवलं होतं. त्या गोळ्या देतात, लोक घेतात, बरे होतात, आणि मग म्हणतात, आम्हाला काही झालंच नव्हतं.

माझ्या वहीत मी लिहिलं होतं, 'माहितीचा स्रोत: दुधाची रांग. ग्राह्य नाही.' ते वाक्य अजून वहीत आहे. मी खोडलेलं नाही, कारण माझी अक्कल तेव्हा किती होती याचा तो पुरावा आहे.

बुधवार, सकाळ

त्या दिवशी पावसाने जरा उसंत दिली होती. रांगेत पंधरा-वीस जण. त्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी साडीवरून पुरुषांचे सदरे घातले होते. शेतात जाताना तशी पद्धतच आहे, हात कापत नाहीत. मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या. आक्काताई मात्र ताठ झाल्या.

"ती शोभा बगा. दत्तूची बायको. दत्तूच येतोय रोज."

"असेल शेतात गेला," मी म्हणाले.

"सदरा बगा तिचा. रानातला असता तर चिखलानं भरल्याला असता. ह्याला चिखलाचा थेंब न्हाय. श्यान लागलंय. गोठ्यातला हाय." आणि मग मला काहीच कळत नाही हे ओळखून हळू आवाजात म्हणाल्या, "म्हस नवी व्यालीया. दत्तूच्या हाताबिगर पान्हा सोडत न्हाय. म्हनून हिनं त्याचा सदरा घातलाय, वासानं म्हस फसावी म्हनून. दूध बी बगा, निम्मंच हाय."

त्या उठल्याच. मी बदकासारखी मागोमाग.

घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, दत्तू वाकळ पांघरून पडला होता. तिशीतला धिप्पाड गडी. डोळे लाल. आक्काताईंनी पोटरी नुसती दाबली तर तो कळवळला.

"कवापासनं?"

"परवा रातीपासनं. काल कसंबसं दूध घालून आलो. लावणीनं अंग मोडलंय. बरं हुतंय."

"लघवीला किती येळा गेलास?"

दत्तूने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. शोभा दारातून म्हणाली, "कालपासनं एकदाच."

पुढचा अर्धा तास जे भांडण झालं ते मी जन्मात विसरणार नाही. आक्काताई त्याला दवाखान्यात चल म्हणत होत्या आणि तो उठायला तयार नव्हता. आजाराची त्याला भीती नव्हती. म्हैस दुसऱ्याला धार काढू देणार नाही, पान्हा आटेल, रेडकू उपाशी राहील, हे त्याचं म्हणणं. मीही मधे तोंड घातलं. मूत्रपिंडं, संसर्ग, शासकीय सुविधा असले शब्द मी वापरले. त्याने मला नम्रपणे विचारलं, "बाई, तुमास्नी धार काढाय येती?" 

आक्काताईंनी मग आवाज खाली आणला. त्या आजाराबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत.

"दत्तू, तिनं आज तुझा सदरा घातला म्हनून म्हशीनं निम्मं तरी दिलं. सदऱ्याला तुझा वास किती दिस ऱ्हातोय रं?"

 गोठ्यात म्हशीने शेपटी आपटली. दत्तू शोभाकडे बघत राहिला, आणि मग भिंतीला धरून उठला. शकीलभाईंनी त्याला आधार देऊन जीपमध्ये घातलं. दवाखाना येईपर्यंत त्यांनी गाडी कुठेच थांबू दिली नाही.

दवाखान्यातून त्याला पुढे कोल्हापूरला पाठवलं. शोभा बरोबर गेली. आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो. चहा आला. आक्काताईंनी कपाला हात लावला नाही.

"पयल्या वर्साला म्या बी निरंक लिवायचो," त्या म्हणाल्या. "समदीच लिवत्यात. ताप न्हाय, काय न्हाय, निरंक. डेअरीत म्या बी दूध घालाय जायाचो. वळीत आमच्या गल्लीतली एक पोरगी चार दिस किटली घिऊन आली. बाप यायचा एरवी. म्या तिच्या पाठीवर हात ठेवला आनि म्हनलं, लई शाणी झालीस की गं, बापाचं काम कराय लागलीस. चार दिस म्हनलो. पाचव्या दिशी कोल्हापुरास्नं त्याला झाकून आनला."

त्या रडल्या नाहीत. मलाच रडू आलं. गाव बापाचं काम करणाऱ्या मुलीचं कौतुक करतं, त्यात चूक कुणाची? पण त्या कौतुकापायी चार दिवस गेले होते, आणि ही बाई ते चार दिवस दर पावसाळ्यात परत मोजत बसली होती.

गुरुवार, कसबा बावडा

दत्तूचं रक्त ज्या प्रयोगशाळेत गेलं तिथले डॉ. मगदूम शकीलभाईंच्या गावचे निघाले. कुरुंदवाडकडच्या शेतकरी जैन घरातले, आता बावड्यात नव्या वसाहतीत राहतात. "जेवायलाच या," म्हणाले. मी रात्री आठच्या हिशेबाने दुपारी पोटभर वडे खाल्ले. शकीलभाई साडेपाचलाच न्यायला आले. या घरात दिवेलागणीच्या आत जेवण होतं. आमच्या घरी त्या वेळी दुसरा चहा व्हायचा असतो. कांदा-लसूण नसलेली आमटी इतकी चवदार असू शकते हे मला माहीत नव्हतं, आणि पोटात जागा नाही म्हणून मी स्वतःवर चिडले.

डॉक्टरांनी ताटावर बसतानाच सांगितलं, "तुमच्या दत्तूची चाचणी आली. 'नाही' अशी आली."

माझा घास हातात राहिला. खरं सांगते, मला राग आला. दत्तूवर नाही, आक्काताईंवर नाही, कुणावर तेच कळेना. म्हणजे साहेबांचं बरोबर? पोटरी, डोळे, तो सदरा, सगळं खोटं?

"अहो, जेवा," डॉक्टर म्हणाले. "'नाही'च येणार ती. ही तपासणी जंतू शोधत नाही. शरीर जंतूशी लढायला लागलं की रक्तात जी खूण उमटते, ती शोधते. ती उमटायला आठवडा तरी लागतो. ही बाई दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच माणूस आणून उभा करते. खूण कुठून दिसणार?"

"मग शेजारच्या गावांतले खरे कसे निघतात?"

"उशिरा आणतात म्हणून. माणूस आठ दिवस घरात कुढला की तपासणी अगदी स्वच्छ येते." त्यांनी माझ्या ताटात भात वाढला. "बरा झाल्यावर परत एकदा रक्त घेतलं तर कळेल. पण बरा झालेला माणूस लावण सोडून सुई टोचून घ्यायला येतो का? त्यामुळे पहिला निकाल तोच शेवटचा."

मी हिशेबाची बाई. हिशेब माझ्या डोक्यात लख्ख झाला. आमच्या तक्त्यात माणूस मरायला टेकला की आकडा खरा ठरत होता, आणि वाचला की खोटा. आणि या खोट्या आकड्यांसाठी आम्ही एका बाईचं नाव खोडायला निघालो होतो. उजेड मावळायच्या आत मी तो भात संपवला. कसा लागला ते आठवत नाही.

शुक्रवार, कोल्हापूर

दत्तूला भेटायला गेले तेव्हा तो उठून बसला होता. लघवी सुटली होती. वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं. दत्तूने मला बघताच विचारलं, "म्हशीचं काय?" म्हशीला शोभाची सासू दुसरा सदरा घालून सांभाळत होती.

बाहेर व्हरांड्यात आक्काताई होत्या. शोभासाठी भाकरी घेऊन पहिल्या गाडीने आल्या होत्या. आता सांगायलाच हवं होतं. मी सांगितलं की मी कशासाठी आले होते, साहेब काय म्हणाले, महिनाअखेर काय होणार होतं. बोलताना मला त्यांच्याकडे बघवेना.

"ठाव हाय की," त्या म्हणाल्या. "पुन्याची बाई काय लावण बगाय येती व्हय?"

"मग पहिल्या दिवशीच का नाही बोललात?"

"म्या काय बोलनार? चिठ्ठ्या तर न्हायच म्हनत्यात. आकडं कमी लिवा म्हनलासा तर कमी लिवतो, बाई. खरं, मग मानसं कुटं लिवू?"

त्यांच्या भागात 'पण' म्हणायचं तिथे 'खरं' म्हणतात. मला ते ठाऊक होतं. तरी तो शब्द माझ्या जिव्हारी लागला.

मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. आठ दिवसांनी दत्तूचं परत रक्त मिळालं आणि त्यात खूण दिसली, तर साहेबांपुढे ठेवायला माझ्याकडे काहीतरी असेल. नाहीतर माझ्या शब्दाला कार्यालयात किती किंमत आहे ते मला माहीत आहे.

"बरं झाल्यालं मानूस रगात दील व्हय?" त्या विचार करत म्हणाल्या. "बगतो. म्हशीसमोरच घेतो त्याचं. तितनं त्यो हालायचा न्हाय."

पुणे

परतल्यावर मी अहवाल लिहिला. साहेबांनी वाचला. साहेब वाईट माणूस नाहीत. तेही माझ्यासारखे वर्षानुवर्षं खुर्चीवरूनच गावोगाव फिरत आले आहेत. "दुधाची रांग वगैरे ठीक आहे," म्हणाले, "पण कागद हवा. एक तरी निकाल." मी दिवस मोजत बसले. दुसरं रक्त घेतल्याचा निरोप आला, तेव्हापासून तर माझं जेवणावरचं लक्षच उडालं. भावाने फोनवर विचारलं, "तापमोजणी, तुला स्वतःला ताप आहे का?"

निकाल संध्याकाळी आला. डॉ. मगदूमांनीच पाठवला. दत्तूच्या रक्तात खूण होती, स्पष्ट. मी साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला, त्यांनी दोनदा वाचला, आक्काताईंच्या फाईलवरची 'नाव कमी करणे' ही चिठ्ठी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि म्हणाले, "शेजारच्या गावांनाही दुसरं रक्त घ्यायला कळवा." मी पळतच जागेवर आले आणि फोन लावला.

मागे किटल्यांचा खणखणाट ऐकू येत होता. डेअरीची वेळ.

"आक्काताई, खरा निघाला! तुमचं काम राहिलं. आता कुणी हात लावणार नाही."

मला वाटलं, त्या ओरडतील, हसतील. 

"माझं ऱ्हाऊ द्या, बाई. एक सांगा. दत्तूचं पयलं रगात न्हाय म्हनलं, दुसरं व्हय म्हनलं. मग मागच्या तीन पावसाळ्यातली माझी मानसं? त्यांचं दुसरं रगात कुनी घेतलंच न्हाय. त्यांच्याफुडं तुमच्या कागदात काय लिवलंय?"

मला कागद काढून बघायची गरज नव्हती. "लेप्टो नाही, असं लिहिलंय."

"कुनी लिवलं?"

"मी."

खरं म्हणजे मी फक्त टाइप केलं होतं. पण टाइप करणारे हात माझेच होते.

"मग आसं करा," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. "म्या फोन मोठ्या आवाजावर टाकतो. हितं वळीत निम्मी तीच मानसं हायती. त्यास्नी तुमीच सांगा."

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. का, ते विचारू नका. किटल्यांचा आवाज थांबला. मी म्हणाले, "मी पुण्याहून बोलतेय. मागच्या पावसाळ्यांत तुमच्यापैकी ज्यांना आक्काताईंनी गोळ्या दिल्या आणि चिठ्ठी 'नाही' म्हणून आली, त्या चिठ्ठीवरून तुम्हाला आजार नव्हता असं म्हणता येत नाही. तपासणी फार लवकर झाली होती. आम्ही लिहिलं ते चुकलं. आक्काताई खोटं बोलत नव्हत्या, आणि तुम्हीही नाही."

इतकं बोलून मी थांबले. कुणीतरी खाकरलं.  मग लांबून एक पुरुषाचा आवाज हळूहळू फोनजवळ आला. इतका हळू आवाज मी त्या गावात ऐकला नव्हता.

"बाई, मी गेल्या लावणीत नऊ दिस पडून हुतो. चिठ्ठी न्हाय म्हनून आली. आमचा थोरला पोरगा तवापासनं मला कामचुकार म्हनतोय, लावणीच्या भ्यानं झोपला म्हनतोय. बोलत न्हाय माझ्यासंगं." किटली खाली ठेवल्याचा आवाज आला. "फोन ठेवू नका हां. घर हितंच हाय. त्याला बोलावून आनतो. त्याला बी एकदा सांगा."

धावत जाणारी पावलं ऐकू आली. मी फोन कानाला धरून उभी राहिले.